जहाजातून आलेला आंबा: झाडाची माहिती नेमकी कुणाची?

सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमला छापलेल्या एका जाडजूड लॅटिन ग्रंथात काजूचं झाड आहे. त्याचं नाव दिलंय ‘कापा-मावा’. मल्याळममध्ये कप्पल म्हणजे जहाज आणि मावु म्हणजे आंब्याचं झाड. जहाजातून आलेला आंबा! काजू मूळचा ब्राझीलकडचा, पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. मलबारातल्या लोकांनी त्याचा मोहर पाहिला, चीक पाहिला आणि हा आंब्याचा कुणीतरी लागतो हे ओळखलं. वनस्पतिशास्त्राने आंबा आणि काजू एका कुळात घातले ते पुष्कळ नंतर. (बिब्बाही त्याच कुळातला. कच्च्या काजूचं टरफल फोडताना हात का उततात, ते यावरून कळावं.)

म्हणजे लोकांनी ठेवलेल्या एका साध्या नावात झाड कशाने आलं आणि ते कुणाच्या नात्यातलं, दोन्ही सांगून झालंय. आता ही माहिती कुणाची म्हणायची? नाव ठेवणाऱ्यांची, ते सांगणाऱ्या वैद्याची, टिपून घेणाऱ्या डच अधिकाऱ्याची, की ग्रंथ ज्याच्या कपाटात आहे त्याची?

प्रश्न पुस्तकी वाटेल. पण २४ मे २०२४ला जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी याच प्रश्नावर एक करार मंजूर केला. आपल्याकडे जैवविविधता कायद्यातली २०२३ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४पासून लागू झाली, तीही याच वादातली. बातम्यांमध्ये ‘पारंपरिक ज्ञान’, ‘लाभवाटप’, ‘संहिताबद्ध’ असे शब्द आले आणि बहुतेकांनी पान उलटलं. मीही आधी उलटलंच होतं. ही गुंतागुंत मला उलगडली ती त्या जुन्या लॅटिन ग्रंथामुळे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

## एकच जड शब्द

तो शब्द म्हणजे लोकवनस्पतिशास्त्र. इंग्रजीतला एथ्नोबॉटनी हा शब्द १८९५ साली फिलाडेल्फियातल्या जॉन हार्शबर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने वापरात आणला. माणसं आणि झाडं यांच्यात जो व्यवहार चालतो त्याचा हा अभ्यास. औषधं त्यात आलीच, पण तेवढंच नाही. दोर वळायला कुठला वाख, ओढ्यातले मासे भुलवायला कुठली साल, कुठल्या झाडाखाली देव बसवायचा आणि कुठलं लाकूड चुलीत घालायचं नाही, हे सगळं त्यात येतं. भारतात या विषयाची घडी बसवली सुधांशु कुमार जैन यांनी, मध्य भारतातल्या आदिवासी भागात हिंडून.

वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाच्या पाकळ्या मोजतो. लोकवनस्पतिशास्त्रज्ञ पाकळ्याही मोजतो आणि झाडाशेजारी उभ्या असलेल्या बाईंना विचारतो, ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात? याचं काय करता? तुम्हाला कुणी शिकवलं?’ झाड, नाव आणि सांगणारं माणूस अशा तिघांची गाठ त्याला मारायची असते. तिघांतलं एक सुटलं की नोंद लंगडी होते.

नाव आणि झाड यांची गाठ किती निसरडी असते ते आपल्याला बाजारात कळतं. पावसाळ्यात मुंबईत रानभाज्यांच्या वाट्यांमध्ये जी ‘फोडशी’ म्हणून मिळते, तिला दुसरीकडे ‘कुलूची भाजी’ म्हणतात. भाजी तीच, नावं दोन. ब्राह्मीचं याच्या उलट. ओलसर जागी सरपटणारी, बारीक मांसल पानांची एक वनस्पती ब्राह्मी म्हणून विकली जाते आणि गोल, कातरलेल्या कडांच्या पानांची मंडूकपर्णीसुद्धा ब्राह्मी म्हणूनच. नाव एक, झाडं दोन. बाटलीवर ‘ब्राह्मी’ छापलंय एवढ्यावरून आत कोण आहे ते कळत नाही.

शास्त्रीय नाव हे आधार क्रमांकासारखं. जगात कुठेही उच्चारा, एकच माणूस सापडतो. गावातलं नाव हे घरातल्या हाकेसारखं. त्यावरून माणूस सापडेलच असं नाही, पण तो घरच्यांचा कोण लागतो ते कळतं. कधीकधी दोन्ही एकत्रही येतात. सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात ‘बोरिव्हिलिएनम’ असा शब्द आहे, म्हणजे आपली लोकलच्या फलाटावरची बोरिवली!

## सरहद्दीवरच्या किल्ल्यात एक पुस्तक

आता तो ग्रंथ. नाव ‘हॉर्टस मलाबारिकस’, म्हणजे मलबारची बाग. बारा खंड, पहिला १६७८चा आणि शेवटचा १६९३चा. ७४२ वनस्पती आणि तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली ७९४ चित्रं. पहिलाच मान नारळाला. करवून घेणारा हेंड्रिक ॲड्रियान व्हान ऱ्हीड, डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारचा कमांडर. पेशाने फौजी आणि कारभारी, वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे.

१६६३ साली डचांनी कोचीन पोर्तुगिजांकडून जिंकून घेतलं. कंपनीच्या नकाशात ती लांबची सरहद्द होती, मुख्य ठाणं बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला. किल्ल्याच्या आत डच शिपाई, बाहेर कोचीनचे राजे, उत्तरेला कालिकतचा राजा सामुतिरी, आणि सगळ्यांचा डोळा मिऱ्यांवर. साहेबाला मल्याळम येत नाही, वैद्याला डच येत नाही. मग बोलायचं कशात? तर पोर्तुगीजमध्ये! हरून गेलेल्यांची भाषा बंदरात सगळ्यांना थोडीथोडी येत होती. सरहद्दीवरचा कारभार असा उसन्या भाषेत चालतो.

अशा ठिकाणी कमांडरला झाडं कशी सुचली? एक कारण रोकडं होतं. शिपाई आजारी पडत आणि त्यांची औषधं युरोपातून जहाजाने येत. त्यातली कित्येक औषधं मुळात आशियातूनच युरोपात गेलेली, म्हणजे इथली मुळी तिकडे जायची, शिळी व्हायची आणि चढ्या भावाने परत यायची. दुसरं कारण ऑफिसातल्या राजकारणाचं. त्याचा वरिष्ठ राहिलेला व्हान गून्स कंपनीत कोलंबोचं महत्त्व वाढवायच्या बाजूने होता, व्हान ऱ्हीड कोचीनचं. आपला मुलूख किती संपन्न आहे हे वरच्यांच्या मनावर ठसवायला असला ग्रंथ बरा पडतो. एखाद्या जिल्हाधिकाऱ्याने ‘आमचा जिल्हा’ म्हणून चकचकीत पुस्तक काढावं, त्यातलाच प्रकार. फक्त हे पुस्तक साडेतीनशे वर्षं टिकलं.

## कानगोष्टींचा खेळ

झाडापासून छापील पानापर्यंतचा प्रवास बघण्यासारखा आहे. झाडं गोळा करायला माणसं रानात धाडली जात, कधीकधी दोनशेपर्यंत. फांदी ताजी असतानाच चित्रकार ती काढून घेत. मग वैद्य जमत आणि झाडाचं नाव, गुण, उपयोग यावर बोलणं होई. जुन्या ग्रंथांतले श्लोक तोंडपाठ म्हणत हे लोक वाद घालतात आणि तरी एकमेकांचा मान राखतात, याचं व्हान ऱ्हीडला नवल वाटलं. त्याने ते तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे.

सांगणाऱ्यांत प्रमुख होते इट्टी अच्युतन. चेर्तलाजवळच्या कडक्करप्पळ्ळीतल्या कोल्लाट घराण्याचे एझवा वैद्य. एझवा म्हटलं की माडावर चढून ताडी काढणारा समाज असं केरळात पटकन डोळ्यांपुढे येई, पण पिढीजात वैद्यकी करणारी घराणीही त्यात होती. दुसऱ्या बाजूला तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. हे मूळचे गोव्याकडच्या समाजातले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचामुळे ज्या कुटुंबांनी गोवा सोडून दक्षिणेचा किनारा धरला, त्यांच्यातले.

आता गंमत पाहा. इट्टी अच्युतन मल्याळममध्ये सांगणार. इमॅन्युएल कार्नेरो नावाचा दुभाषी ते पोर्तुगीजमध्ये आणणार. तिथून ते लॅटिनमध्ये जाणार. सुरुवातीच्या खंडांच्या लॅटिनवर काम केलं योहानेस कासेआरियस या पाद्र्याने, जो तरुणपणी तत्त्वज्ञ स्पिनोझाचा विद्यार्थी होता. त्यानंतर छपाई हॉलंडात, जिथे कुणी फणस पाहिलेलाही नाही. लहानपणी रांगेत बसून कानगोष्टी खेळायचो, पहिल्याने ‘पोपट’ म्हटलं की शेवटचा ‘टोपलं’ म्हणायचा. इथेही तोच धोका. फणसाला मल्याळममध्ये चक्का म्हणतात. डच लिपीत ‘च’ लिहायला तीन अक्षरं लागतात, त्यामुळे ग्रंथात तो झाला ‘त्सजाका’. मल्याळम येणाऱ्यालाही मोठ्याने वाचल्याशिवाय पत्ता लागायचा नाही.

पण हा धोका करणाऱ्यांना ठाऊक असावा, कारण त्यावर त्यांनी दोन तोडगे काढले. एक म्हणजे चित्र, कारण चित्राला भाषांतर लागत नाही. दुसरा जास्त हुशारीचा. बहुतेक चित्रांवर झाडाचं नाव रोमनखेरीज मल्याळम, अरबी आणि नागरी लिपीतही कोरलं. नागरीतलं नाव कोकणी. म्हणजे मधल्या दुभाष्यांनी काही का घोटाळा केला असेना, पहिल्या माणसाच्या तोंडचा शब्द त्याच्याच लिपीत पानाच्या कोपऱ्यात शाबूत राहिला. मल्याळम अक्षरं छापील पानावर पहिल्यांदा आली ती इथे, आणि युरोपात छापलेल्या नागरीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांतही हाच ग्रंथ येतो.

आणखी एक कागद आहे. २० एप्रिल १६७५ ही त्यावरची तारीख. तिघा कोकणी वैद्यांनी कोकणीत, नागरी अक्षरांत, लिहून दिलंय की ही माहिती आम्ही दोन वर्षं खपून ‘महानिघंटू’ या औषधी वनस्पतींच्या कोशाच्या आधाराने दिली. इट्टी अच्युतन यांचं निवेदन वेगळं, कोलेळुत्तु या जुन्या लिपीत. दोन्ही पहिल्या खंडात जशीच्या तशी छापली आहेत.

## तीनशे वर्षांनी सातबारा घेऊन

पुढच्या शतकात स्वीडनच्या कार्ल लिनियसने जगातल्या झाडांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायला घेतली. त्याचा मुख्य ग्रंथ १७५३चा. लिनियस भारतात कधी आला नाही. मलबारच्या झाडांसाठी त्याचा भरवसा होता तो हॉर्टसवर. वेलचीचं शास्त्रीय नाव ‘एलेटारिया’ आणि मायाळूचं ‘बासेला’, हे दोन्ही शब्द मलबारातल्या लोकांच्या तोंडून या ग्रंथात आणि तिथून शास्त्रात गेलेले. श्रावणात आपण मायाळूची भजी करतो, तेव्हा कढईत एक मल्याळी शब्द तळत असतो म्हणायचा.

इथे एक अडचण आहे. शास्त्रीय नाव पक्कं करायला मूळ नमुना लागतो, म्हणजे दाबून वाळवलेली फांदी, जिच्याशी पुढे शंका आली की पडताळून पाहायचं. हॉर्टसच्या वाळवलेल्या फांद्या नाहीत. म्हणून लिनियसच्या कित्येक नावांचा मूळ नमुना आजही त्यातलं चित्रच मानतात. आणि चित्र कितीही चांगलं असलं तरी शेवटी चित्रच.

केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्य घातलं ते या अडचणीवर. जुना सातबारा घेऊन शेतात गेलात, त्यावर ‘मोठ्या आंब्याच्या पूर्वेचा बांध’ लिहिलंय आणि आंबाही नाही, बांधही नाही, तर जे होतं तशी त्यांची गत. ते लॅटिन शिकले. ग्रंथात ज्या गावांची, ज्या जंगलांची नावं होती तिथे गेले, झाडं शोधली, ताज्या फांद्या चित्रांशी लावून पाहिल्या आणि नवे वाळवलेले नमुने तयार केले. एवढ्या काळात मलबारातली जंगलं किती तुटली, तरी जवळजवळ सगळ्या वनस्पती त्यांना सापडल्या. तीन दशकांहून अधिक काळ हे चाललं. केरळ विद्यापीठाने बारा खंडांचं इंग्रजी भाषांतर २००३ साली काढलं आणि मल्याळम २००८ साली. जी माहिती मल्याळममध्ये सांगितली गेली, ती मल्याळममध्ये वाचायला मिळायला तीनशे तीस वर्षं लागली. २०२०मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ जानेवारी २०२५ला ते गेले.

मणिलाल यांनी आणखी एक काम केलं. इट्टी अच्युतन यांचा या ग्रंथात वाटा किती यावर त्यांनी १९९६ साली वेगळं पुस्तक लिहिलं. झाड आणि नाव यांची गाठ मारून झाल्यावर ते तिसऱ्या गाठीकडे, माणसाकडे वळले. मला हा माणूस लोकवनस्पतिशास्त्रज्ञ वाटतो तो इथे.

## ‘पण ही सरळसरळ चोरीच नाही का?’

हा आक्षेप हटकून येतो. गोऱ्या कंपनीने आपल्या वैद्यांकडून फुकट माहिती उकळली आणि ग्रंथ आपल्या नावावर छापला, असा. कंपनी धर्मादाय नव्हती हे खरंच. औषधांचा खर्च वाचवणं हा उघड हेतू होता आणि जगात नाव झालं ते व्हान ऱ्हीडचं. तो १६९१च्या डिसेंबरात मुंबईजवळ समुद्रात जहाजावर वारला. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची घुमटाची मोठी कबर अजून उभी आहे.

पण तुलनेला शंभर वर्षं आधीचं एक पुस्तक घ्या. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला गेला. हा माणूस अहमदनगरच्या निजामशाही दरबारात जाऊन-येऊन असे आणि मुंबईचं बेट त्याच्याकडे खंडाने होतं, म्हणजे आपल्या अगदी ओळखीचा प्रदेश. ग्रंथ संवादाच्या रूपात आहे. दोन विद्वान गोव्याच्या घरात बसून बोलतात आणि मधूनच हाक जाते, ‘अंतोनिया!’ घरात कामाला असलेली ही मुलगी सांगितलेली वनस्पती नाहीतर फळ घेऊन येते, ठेवते आणि जाते. मला तो ग्रंथ आठवला की आधी ती आठवते. ते झाड कुठे उगवतं, कुठल्या दिवसांत मिळतं, बाजारात कुणाकडे असतं, हे त्या खोलीत बहुधा तिला सर्वांत जास्त कळत होतं. पुस्तकात मात्र तिचं काम आणून द्यायचं.

म्हणून हॉर्टसमध्ये इट्टी अच्युतन यांचं नाव, घराणं, गाव, जात आणि त्यांच्याच लिपीतलं निवेदन छापलं जाणं ही लहान गोष्ट नव्हे. पैसा मिळाला नसेल, पण नाव पुसलं गेलं नाही. श्रेय ब्राह्मण वैद्यांचं जास्त की एझवा वैद्याचं, यावर आज लोक भांडतात. भांडू शकतात, कारण चौघांच्याही नावाचे कागद आहेत. अंतोनियाच्या बाजूने भांडायला आपल्याकडे फक्त एक हाक आहे.

## ‘आयुर्वेदातच आहे की हे सगळं!’

काही प्रमाणात आहे. तिघे कोकणी वैद्य निघंटूचा आधार घेत होते, म्हणजे संस्कृत ग्रंथपरंपरा. इट्टी अच्युतन घराण्यातलं ज्ञान सांगत होते, ज्याचा बराच भाग त्या मातीतला आणि त्या समाजातला. एक पाठ्यपुस्तक म्हणा, दुसरी आईच्या हाताची आमटी. दोन्हींत डाळ असते. पण आमटीत कोकम किती आणि ते कधी घालायचं, हे पुस्तकात सापडत नाही. हा फरक ध्यानात ठेवा, कायद्याचं भांडण पुढे याच फरकावरून आहे.

## ‘जुनं आहे म्हणजे खरं आहे?’

नाही. हे तर लोकवनस्पतिशास्त्रज्ञ स्वतःच आधी सांगेल. ‘अमुक गावात तापावर ही साल देतात’ ही नोंद खरी असते. ‘त्या सालीने ताप जातो’ हे वेगळं विधान आहे आणि ते प्रयोगशाळेत, दवाखान्यात तपासावं लागतं.

परंपरेची नजर एका बाबतीत तीक्ष्ण असते. जे लगेच मारतं ते तिला अचूक ठाऊक असतं. कोकणात काजऱ्याची बी कुणी तोंडात घालत नाही, लहान पोरालाही बजावलेलं असतं. त्यात स्ट्रिक्निन हे जहाल विष असतं. पण जे वीस वर्षांनी मारतं ते परंपरेला दिसत नाही, कारण कारण आणि परिणाम यांत अंतर फार. सापसन म्हणून ओळखली जाणारी वेल पिढ्यान्‌पिढ्या औषधात वापरली गेली. तिच्या वर्गातल्या वनस्पतींमधलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करतं आणि कर्करोगाला कारण होतं, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उघड झालं. तेव्हा जुनं पुस्तक वाचून घरी काढे उकळू नका. त्यातल्या नोंदी म्हणजे कुठे शोधायचं याचा पत्ता, घराची चावी नव्हे.

## हळदीचं काय झालं होतं?

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर येतं, ‘अमेरिकेने आपल्या हळदीचं पेटंट घेतलं होतं.’ अर्धवट खरं आहे. पेटंट म्हणजे नव्या शोधावर ठराविक काळासाठी मिळणारा हक्क. अट ही की शोध खरोखर नवा हवा. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ यावर पेटंट मिळालं. हळदीच्या झाडावर नव्हे, त्या वापरावर. आपण सगळे हसलो, कारण खरचटल्यावर हळद लावली नाही असं घर कुठलं?

पण हसून पेटंट रद्द होत नाही. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात मेख होती. परदेशात लोक एखादी गोष्ट नुसती वापरतात, हा पुरावाच नव्हता. परदेशातलं छापलेलं मात्र चालायचं. म्हणजे कोट्यवधी आज्यांची हळद एका बाजूला आणि एक छापील कागद दुसऱ्या बाजूला, तर जड कागद. तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर होते. संस्थेने संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांपासून विसाव्या शतकातल्या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत छापील दाखले गोळा करून धाडले आणि १९९७मध्ये पेटंट रद्द ठरलं. हळद हॉर्टसच्या अकराव्या खंडातही आहे, ‘मांजेळ्ळा-कुवा’ या नावाने.

या धड्यातून २००१मध्ये पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह सुरू झाला. जुन्या ग्रंथांतल्या औषधांच्या कृती पेटंट तपासनिसांना कळतील अशा भाषांत आणून ठेवायचे, की पुढचा हळदवाला दारातच अडावा.

## मग सगळं लिहून टाकलं की झालं?

इथे खरी पाचर आहे. लिहिल्याने चोरी अडते, पण लिहिलेलं सगळ्यांचं होतं, आणि जे सगळ्यांचं त्याचा मोबदला कुणाला द्यायचा?

२००२च्या जैवविविधता कायद्याचं तत्त्व साधं आहे. आपल्याकडची वनस्पती किंवा तिच्याविषयीचं लोकांचं ज्ञान वापरून कुणी धंदा करत असेल, तर फायद्यातला वाटा त्या लोकांना द्या. हेच लाभवाटप. २०२३च्या दुरुस्तीने ‘संहिताबद्ध’ ज्ञानाला यातून सूट दिली. संहिताबद्ध म्हणजे १९४०च्या औषध कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या अधिकृत ग्रंथांमधलं ज्ञान. चरक, सुश्रुत, भावप्रकाश अशी ती यादी. सुटीच्या बाजूने युक्तिवाद असा, की च्यवनप्राश करणाऱ्याने चरकाचे वारस कुठे शोधायचे? तो अगदी चुकीचा नाही. पण ग्रंथातलं आणि रानातलं यांच्यामधली भिंत किती पातळ आहे, ते हॉर्टसने आधीच दाखवलंय. एकाच झाडाबद्दल रंग भटांचं सांगणं ग्रंथातलं आणि इट्टी अच्युतन यांचं घराण्यातलं. कंपनीने ‘आम्ही ग्रंथातून घेतलं’ म्हटलं, तर दुसऱ्याचा वाटा बुडाला. माझ्या मते ही सूट फार सैल आहे.

वाटा देणं जमतं का, याचं उदाहरण केरळातच आहे. १९८७च्या डिसेंबरात वनस्पतिशास्त्रज्ञ पी. पुष्पांगदन यांचा चमू अगस्त्यमलाच्या जंगलात हिंडत होता. सोबतचे काणी आदिवासी वाटाडे चढण चढताना थकत नव्हते. येता-जाता एक लहानसं फळ तोंडात टाकत होते. आधी त्यांनी सांगायला नकार दिला, कारण ते बाहेरच्यांना सांगायचं नव्हतं. पुढे सांगितलं. वनस्पतीचं नाव आरोग्यपच्चा. तिच्यापासून तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान संस्थेने ‘जीवनी’ नावाचं औषध तयार केलं, कोइम्बतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीला परवाना दिला, आणि दहा लाखांचं परवानाशुल्क व दोन टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) यातला अर्धा भाग काणींच्या न्यासाला द्यायचं ठरवलं. जैवविविधता कायदा व्हायच्या आधीची ही गोष्ट. जगभर वाखाणणी झाली. पुढचा रस्ता मात्र खडबडीत निघाला. झाड संरक्षित जंगलातलं, पानं तोडायला वनखात्याची आडकाठी, आणि काणींमध्येही ‘हे सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?’ हा सवाल. ज्ञान एका माणसाचं की जमातीचं, हे न सोडवता पैसे वाटायला गेलं की असंच होणार.

जिनिव्हाचा करार याहून माफक आहे. पेटंट मागणाऱ्याने अर्जात लिहायचं की वनस्पती कुठल्या देशातली आणि माहिती कुठल्या समाजाची. पैसे द्या असं तो म्हणत नाही. पंधरा देशांनी अधिकृत मान्यता दिल्यावर तो अंमलात यायचा आहे. ‘एवढ्याने काय होणार?’ असं वाटेल. पण नाव, गाव, समाज लिहिणं हेच तर १६७५च्या त्या कागदावर झालं होतं, आणि त्यावर आपण अजून बोलतोय.

## आपल्या ग्रामपंचायतीत

कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. ही कल्पना रुजवण्यात आपल्या माधव गाडगीळांचा मोठा हात. गावातली झाडं, पिकं, भाज्या, मासे, कोण काय कशासाठी वापरतं, सगळं त्यात यायचं. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली तेव्हा ठिकठिकाणी या वह्या घाईने पुऱ्या झाल्या. घाईची वही ओळखायला सोपी. चार गावांच्या वह्यांत त्याच क्रमाने तीच झाडं आणि तेच उपयोग आढळतात, जणू शिवारात कुणी पाऊलच टाकलं नाही.

आपल्या गावची वही बघायला मागा. मिळाली तर झाडांची संख्या नंतर मोजा. वहीच्या नमुन्यात ज्ञान कुणाकडे आहे हे लिहायचा एक रकाना असतो. आधी तो बघा. तिथे तुमच्या गावातल्या कुठल्या बाईंचं, कुठल्या बाबांचं नाव आहे का, की नुसतं ‘स्थानिक लोक’ लिहून सोडलंय?